‘होता’ आणि ‘हॅड’ची सोयरीक

आमच्या ताईने तालुक्याच्या हायस्कुलात आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवण्यात हयात घालवली. आमचे चिरंजीव पुण्यात ग्राहकसेवेच्या नोकरीला लागणाऱ्या मुलामुलींना इंग्रजी बोलायला शिकवतात. दोघांचा धंदा एकच, त्यामुळे दोघांचं पटत नाही. यावेळी ठिणगी पडली ती चिरंजीवांनी वर्गासाठी तयार केलेल्या एका पानावरून. मथळा होता ‘भूतकाळ : पाच मिनिटांत’. नमुन्याला क्रियापद घेतलं होतं ‘कॉल’. त्याखाली एकच ओळ : क्रियापदाला ईडी लावा, भूतकाळ तयार.

ईडी लागली की हल्ली भल्याभल्यांचा भूतकाळ निघतो, असं मी म्हणून पाहिलं. दोघांपैकी कोणीही हसलं नाही.

ताई : एवढंच? आणि बाकीचे प्रकार? अपूर्ण, पूर्ण, रीती?

चिरंजीव : आत्या, ते मुद्दाम गाळलेत. माझ्याकडे येतात ती पोरं बारा काळांचा तक्ता पाठ करूनच येतात. झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवतील. पण फोनवर गिऱ्हाइकाने विचारलं, काल नक्की काय झालं, की तोंडाला कुलूप. तक्त्यातला कुठला खण उघडायचा याचाच विचार चालू असतो.

ताई : म्हणून तू तक्ताच जाळलास.

चिरंजीव : जाळला नाही, एका ओळीवर आणला. अगं, नियमित क्रियापदाचा भूतकाळ ही इंग्रजीतली सगळ्यांत स्वस्त वस्तू आहे. आय कॉल्ड, यू कॉल्ड, शी कॉल्ड, दे कॉल्ड. बाई असो, बुवा असो, एक असो की शंभर, रूप एकच. आपल्याकडे बघ. मी पळालो, मी पळाले, तू पळालास, तू पळालीस, तो पळाला, ती पळाली, तुम्ही पळालात, त्या पळाल्या. आणि क्रियापद सकर्मक निघालं तर कर्त्याला कोणी विचारतही नाही. आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळं खाल्लं. खाणारा मी एकटा, पण क्रियापद जातंय फळाच्या मागे. हे सगळं चौथ्या वर्षी जमलेल्या माणसाला एक ईडी लावायला कसली आलीय धास्ती?

ताई : लावायची कशाने, हाताने की तोंडाने? फळ्यावर ‘आस्क’ला ईडी जोडून वाचायला सांगितलं की माझा निम्मा वर्ग ‘आस्केड’ म्हणायचा.

चिरंजीव : माझाही म्हणतो. वॉकेड, स्टॉपेड, कुकेड. ऐकवत नाही.

ताई : त्यांचा गुन्हा काय, तर तीनेकशे वर्षं उशिरा जन्माला आली. तो स्वर एके काळी इंग्रजही उच्चारत असत. पुढे बोलताना गळायला लागला, तेव्हा लेखक जोनाथन स्विफ्ट कोण चिडला होता! इंग्रजी भाषा सुधारून कायमची स्थिर करावी असा एक प्रस्ताव त्याने १७१२ मध्ये छापला. कवी मंडळी वृत्तात बसवायला हा स्वर खातात आणि व्यंजनं एकमेकांवर आदळवतात, अशी त्यात तक्रार आहे. स्विफ्ट हरला. स्वर तोंडातून गेला, कागदावर राहिला. एखाद्या विद्वानाला ‘लर्निड’ म्हणतात, चर्चमध्ये ‘ब्लेसिड’ म्हणतात, अशा मोजक्या शब्दांत काय तो उरलाय.

चिरंजीव : छान आहे, पण वर्गात याचा उपयोग शून्य. मी सरळ सांगतो. क, प, फ, स, श, च यांच्यावर शब्द संपला तर ‘ट’ म्हणा : वॉक्ट, स्टॉप्ट, फिनिश्ट. ट किंवा ड वर संपला तर ‘इड’ : वॉन्टिड, नीडिड. बाकी सगळीकडे ‘ड’ : कॉल्ड, प्लेड, ओपन्ड. झालं.

ताई : म्हणजे अक्षरं पाठ करायला लावतोस. त्यापेक्षा अघोष आणि सघोष सांग की. घशावर बोट ठेवायचं. ‘क’ म्हणताना घसा थरथरत नाही, ‘ग’ म्हणताना थरथरतो. शब्दाचं शेवटचं व्यंजन अघोष असेल तर ईडीसुद्धा अघोष होऊन ‘ट’ होते. आपल्या पोरांनी संधी केलेले असतात. वाक् अधिक ईश म्हणजे वागीश. तिथे पुढच्याने मागच्याला बदललं, इथे मागचा पुढच्याला बदलतोय. दिशा तेवढी उलटी.

चिरंजीव : ऑनलाइन वर्गात संधी काढला ना, तर निम्मे ‘नेटवर्क गेलं’ म्हणून पळतील.

इथे मी चिरंजीवांच्या बाजूचा. घशावर बोट ठेवायची युक्ती चांगली आहे, पण नोकरी लागायची घाई असलेल्या मुलीला वागीश सांगून चालणार नाही. स्पेलिंगवरही दोघांची थोडी झटापट झाली. ‘स्टॉप’मधला शेवटचा पी दोनदा का, ‘व्हिजिट’मधला टी एकदाच का (कारण तिथे शेवटच्या अवयवावर आघात नाही), ‘ट्राय’मधल्या वायचा आय होतो मग ‘प्ले’मधल्याचा का नाही (त्याच्या आधी स्वर आहे म्हणून). ‘ट्रॅव्हल’ला ब्रिटिश दोन एल लावतात, अमेरिकन एकावर भागवतात. चिरंजीवांचं म्हणणं, फोनवर स्पेलिंग दिसत नाही आणि ईमेलात संगणक तांबडी रेघ मारतो. ताई यावर नुसतं ‘हं’ म्हणाली. तिच्या ‘हं’चा अर्थ तिच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे.

चिरंजीव : आणि मुळात हा नियम शिकवायला लागत नाही, हे सिद्ध झालंय. जीन बर्को नावाच्या बाईंनी १९५८ मध्ये लहान मुलांवर एक प्रयोग छापला. चार ते सात वर्षांची मुलं. त्यांना चित्र दाखवून सांगायचं, या माणसाला ‘रिक’ करता येतं, तो आत्ता ‘रिक’ करतोय, कालही त्याने तेच केलं, तर काल त्याने काय केलं? या अर्थाने ‘रिक’ हा शब्दच अस्तित्वात नाही. मुलांनी तो जन्मात ऐकलेला नाही. तरी बहुतेकांनी ‘रिक्ट’ सांगितलं. म्हणजे नियम आत तयार असतो.

ताई : तयार कुणाच्या आत? जी मुलं पाळण्यापासून इंग्रजी ऐकतायत त्यांच्या. मीही माझ्या भाचीला खोटा मराठी शब्द दिला असता तर तिने त्याचा भूतकाळ बिनचूक केला असता, तोही लिंगासकट.

चिरंजीव : तेच म्हणतोय. नियम जिवंत आहे. ‘गूगल’ हे क्रियापद झालं तेव्हा ‘गूगल्ड’ म्हणायचं की आणखी काही, हे ठरवायला कुठली समिती बसली नाही. आणि उलट, अनियमित रूपं झिजत चाललीत. हार्वर्डच्या काही संशोधकांनी २००७ मध्ये ‘नेचर’मध्ये हिशेब मांडला. जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं घेतली. मध्ययुगीन इंग्रजीपर्यंत त्यांतली १४५ अनियमित उरली, आज ९८. बाकीच्यांनी निमूट ईडी लावून घेतली. ‘हेल्प’चा भूतकाळ पूर्वी ‘होल्प’ होता, आज ‘हेल्प्ट’. जी क्रियापदं रोज तोंडात असतात ती तेवढी टिकतात : गो, सी, कम.

ताई : हे सगळं खरं आहे आणि तुझ्याच विरुद्ध जातंय. रूप करणं इतकं सोपं असेल तर तुझी पोरं अडतात कुठे?

चिरंजीव : ‘डिड’वर. ‘डिड यू कॉल्ड?’ ‘आय डिडन्ट कॉल्ड.’

ताई : का?

चिरंजीव : सवय.

ताई : सवय मराठीची. आपण ‘फोन केला नाही’ म्हणतो. नकार आला तरी भूतकाळ क्रियापदावरच बसलेला असतो. इंग्रजीत प्रश्न किंवा नकार आला की भूतकाळ ‘डिड’ उचलून नेतं आणि क्रियापद मूळ रूपात परत जातं. भूतकाळ वाक्यात एकदाच दाखवायचा. हे तुझ्या पानावर कुठाय? ईडी लावा म्हणालास, कधी काढा ते सांगितलं नाहीस.

चिरंजीव : घालतो. ही ओळ मान्य.

ताई : आता पुढचं. मला सांग, तुझी मुलगी गिऱ्हाइकाला आदल्या दिवशीच्या फोनची आठवण कशी देते?

चिरंजीव : (जरा थांबून) ‘आय हॅड कॉल्ड यू यस्टरडे.’

ताई : आणि तू ते चालवतोस?

चिरंजीव : चालवतो. निम्मा भारत तसंच बोलतो. हे आपलं इंग्रजी आहे, आत्या. ‘हॅव कॉल्ड यू यस्टरडे’ म्हटलं तर मी टोकतो, कारण ‘यस्टरडे’ आणि ‘हॅव’ एकत्र आले की परदेशी माणसाच्या कानाला लगेच खटकतं. ‘हॅड’ने काय बिघडतं?

ताई : ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघत बसतो. ‘हॅड कॉल्ड’ म्हणजे दुसरं काहीतरी घडण्याच्या आधी कॉल केलेला होता. ते दुसरं कुठाय? ‘आय हॅड कॉल्ड यू’ म्हणून तुझी मुलगी गप्प. पलीकडचाही गप्प. होतं ना असं?

चिरंजीव : होतं कधीकधी. मला वाटायचं, लाइन खराब असते.

आणि इथे मी ताईच्या बाजूचा, पूर्णपणे. ‘मी काल फोन केला होता’ या वाक्यातला ‘होता’ म्हणजे इंग्रजीतला ‘हॅड’ असं आपल्याला शाळेत कोणी स्पष्ट शब्दांत सांगितलेलं नसतं. तक्त्यात ‘पास्ट परफेक्ट’समोर ‘पूर्ण भूतकाळ’ लिहिलेलं असतं, आणि सोयरीक तिथेच जुळते. पत्रिका कोणी बघत नाही.

ताई : आणि उदाहरण कुठलं, तर डॉक्टर येण्यापूर्वी रोगी मेला होता. आपल्याकडच्या व्याकरणांत डॉक्टर कधी वेळेवर आलाच नाही. पण खोट बघ. या वाक्यात दोन घटना आहेत, आधी मरण, मग डॉक्टर. म्हणून इंग्रजीत ‘हॅड डाइड’ बरोबर, आणि मराठीत ‘मेला होता’ही बरोबर. ज्या एका जागी दोन्ही भाषा जुळतात, नेमकं तेच उदाहरण पिढ्यान् पिढ्या शिकवलं. मीही तेच शिकवलं, पुस्तकात तेच होतं. मग पोराने ‘होता’ दिसेल तिथे ‘हॅड’ घातला तर चुकलं कोण?

चिरंजीव : मग आपला ‘होता’ करतो काय?

ताई : तो घटना मिटवून ठेवतो. ‘दिवे लावले’ म्हटलं तर दिवे अजून चालू असतील असं वाटतं. ‘दिवे लावले होते’ म्हटलं की ते आता विझलेत, किंवा निदान आता बोलणं वेगळ्याच गोष्टीचं आहे. ‘तो कोल्हापूरला गेला’ म्हणजे तो अजून तिकडेच. ‘गेला होता’ म्हणजे जाऊन आला. दुसऱ्या घटनेची गरजच नाही. आता इंग्रजीत हे मिटवून ठेवायचं काम कोण करतं? साधा भूतकाळ. तुझी ईडी! ‘मी काल फोन केला होता’ म्हणजे ‘आय कॉल्ड यू यस्टरडे’. आणि ‘मी फोन केलाय, ते येतायत’ यातला ‘केलाय’ म्हणजे ‘हॅव कॉल्ड’. मराठी आणि इंग्रजी सोंगट्यांच्या पटावर एकेक घर सरकून बसल्यात. तक्ता मात्र त्यांना समोरासमोर बसवतो.

चिरंजीव : थांब, थांब. नेहमी नाही सरकत. गोष्ट सांगताना आपण ‘तो आला, त्याने दार उघडलं, दिवा लावला’ असंच म्हणतो. तिथे ‘ओपन्ड’ आणि ‘लावला’ समोरासमोरच येतात.

ताई : गोष्टीत येतात. म्हणून तर पाठ्यपुस्तकात चूक दिसत नाही, पाठ्यपुस्तकात गोष्टीच असतात. संभाषणात दिसते. तुझा धंदा संभाषणाचा.

चिरंजीव : ठीक. मग माझा उपाय आणखी सोपा. ‘हॅड’ वर्गातून हद्दपार. इंग्रजसुद्धा तो टाळतात. ‘आफ्टर ही फिनिश्ट द वर्क, ही कॉल्ड मी.’ आधी काय, मग काय, हे ‘आफ्टर’ने सांगितलं. ‘हॅड फिनिश्ट’ म्हणायची गरज उरत नाही.

ताई : ‘आफ्टर’ असेल तिथे उरत नाही. आता हे सांग. ‘व्हेन आय रीच्ट द स्टेशन, द ट्रेन डिपार्टिड.’ आणि ‘व्हेन आय रीच्ट द स्टेशन, द ट्रेन हॅड डिपार्टिड.’ फरक काय?

चिरंजीव : पहिल्यात मी पोचलो आणि माझ्या डोळ्यांदेखत गाडी हलली. दुसऱ्यात ती आधीच गेलेली.

ताई : पहिल्यात धावत चढायची आशा आहे. दुसऱ्यात फलाटावर शेंगदाणे खात बसायचं. एवढा फरक ज्या एका शब्दावर आहे तो तू हद्दपार करणार?

मुंबईच्या लोकलने जन्मभर प्रवास केलेला मी यावर वेगळं काही बोललो नाही. अपूर्ण भूतकाळावर मात्र दोघांचं चटकन एकमत झालं. ‘वॉज कॉलिंग’ आणि ‘फोन करत होतो’ यांची जोडी बहुतेक वेळा ठीक जमते, तिथे कोणाची फारशी दमछाक होत नाही. ‘हॅड बीन कॉलिंग’ ताईने स्वतःच सोडून दिला. बोर्डाच्या परीक्षेपलीकडे तो प्रकार तिला फारसा कुणाच्या तोंडी भेटलेला नाही, म्हणाली. चिरंजीवांनी मग एक वेगळाच मुद्दा काढला, आणि तो मला जास्त आवडला.

चिरंजीव : पण आत्या, एक सांग. आमच्याकडे बोलण्याचा जो मसुदा देतात, त्यात सुरुवातीला असतं, ‘आय वॉज कॉलिंग अबाउट युवर बिल.’ अगं, फोन तर आत्ता चालू आहे! किंवा ‘आय वॉन्टिड टु आस्क यू समथिंग.’ विचारायचंय आत्ता, आणि रूप भूतकाळाचं. पोरं मला विचारतात, सर, हे चूक आहे ना? मी सांगतो, नम्रपणा. पण भूतकाळात नम्रपणा कुठून आला, ते मला सांगता येत नाही.

ताई : तू शेजारी पाटलांकडे शिडी मागायला गेलास तर काय म्हणतोस?

चिरंजीव : ‘काका, जरा काम होतं.’

ताई : होतं? मग आता नाही का?

चिरंजीव : (हसत) आहे की.

ताई : ‘काम आहे’ म्हटलं तर काकांच्या अंगावर जातं. ‘होतं’ म्हटलं की जरा लांबून विचारल्यासारखं होतं, नाही म्हणायला त्यांना वाट राहते. इंग्रजी भूतकाळ तरी दुसरं काय करतो? आत्ताच्या, समोरच्या गोष्टीपासून लांब नेतो. कधी काळाने लांब, कधी अदबीने लांब, आणि कधी खरेपणापासून लांब. ‘इफ आय लिव्ह्ड इन पुणे’ यात कोण कधी पुण्याला राहिलं? कोणीच नाही, कल्पना आहे. ‘इट्स टाइम यू स्टार्टिड’ म्हणजे सुरू कर आता, अजून केलेलं नाहीस. ईडी तीच. म्हणून तुझ्या पानावरचं ‘भूतकाळ तयार’ हेच अर्धवट आहे.

चिरंजीव : मग मथळाच बदलावा लागेल.

ताई : मथळा राहू दे. पाच मिनिटांत रूप होतंच, ते तुझं बरोबर आहे. मी वर्षाचे चार महिने त्यावर घालवायची आणि ‘हॅड’ दोन तासांत उरकायची, कारण प्रश्नपत्रिकेत रिकाम्या जागा रूपांच्याच असायच्या. तू उलट कर. पाच मिनिटं ईडी, आणि उरलेला तास मराठी वाक्यं. होता, केलाय, केला. कुठला कुठे जातो, ते पोरांनी बोलून दाखवायचं.

चिरंजीवांनी तिथल्या तिथे वही काढली. ताई मराठीत वाक्य टाकायची, ते इंग्रजीत उत्तर द्यायचे. ‘मी गेल्या वर्षी त्यांच्याकडे राहिलो होतो.’ ‘आय स्टेड विथ देम लास्ट इयर.’ बरोबर. ‘मी अर्ज भरलाय.’ ‘आय हॅव फिल्ड द फॉर्म.’ ताईच्या मते ‘फिल्ड इन’ हवं, पण काळ बरोबर. ‘मी पोचलो तोवर त्यांनी दुकान बंद केलं होतं.’ ‘हॅड क्लोज्ड.’ बरोबर, दोन घटना आहेत. ‘ही साडी मी दिवाळीत नेसले होते.’ यावर चिरंजीव अडखळले. ‘नेसणं’ इंग्रजीत नियमित क्रियापदाने येत नाही, हे वाक्य फाऊल, असा त्यांचा दावा. दावा मान्य झाला.

मग ताईने टाकलं, ‘मी तुला बजावलं होतं.’

चिरंजीव : आय वॉर्न्ड यू. होताचा हॅड करायचा नाही.

ताई : बरोबर.

चिरंजीव : नाही, थांब. बजावलं आधी, आणि त्याने ऐकलं नाही ते नंतर. दुसरी घटना आहे, फक्त बोलून दाखवलेली नाही. मग ‘आय हॅड वॉर्न्ड यू’ का नाही?

ताई : बोलून दाखव, मग चालेल. ‘आय हॅड वॉर्न्ड यू, बट यू इग्नोअर्ड मी.’

चिरंजीव : पण समोरच्याला माहीतच असेल तर? त्याने नुकताच हात भाजून घेतलाय, आणि मी म्हणतोय. घटना तिथे समोर उभी आहे, तिला वाक्यात कशाला आणू?

ताई : तरी इंग्रज बहुधा ‘वॉर्न्ड’च म्हणेल.

चिरंजीव : बहुधा. म्हणजे ‘हॅड’ चूक नाही.

ताई : चूक नाही. पण तुझ्या वर्गात मी तो बरोबर धरणार नाही, नाहीतर ही पोरं उद्यापासून पुन्हा सगळीकडे घालतील.

चिरंजीव : हे तू व्याकरणाने बोलतेस की मास्तरकीने?

ताई : मास्तरकीने. लिहून घे पुढचं.